डावी मुरड

करंडीचं झाकण उघडलं, वाफेचा लोट वर गेला आणि गाडीमागे बसलेल्या त्यानं मान उंच केली. सकाळपासून डाव्या हातानं वळलेले त्याचे बाओ, सारण भरून वाफवलेले मैद्याचे गोळे, आत होते. एकही फुटला नव्हता.

उजवा हात मांडीवर होता, बायकोनं ठेवला होता तसाच. अर्धांगाचा झटका आल्यापासून तो हात होता म्हणायचा, एवढंच. गाडी या काळात मेहुण्यानं सांभाळली होती. आज नवऱ्याला जमलं तर ठीक. नाही जमलं तर त्यानं घरी राहायचं आणि गाडी मेहुण्यानं कायमची बघायची. हे तिघांनाही ठाऊक होतं, त्यामुळे कोणी बोलून दाखवलं नव्हतं.

"गुळगुळीत झालेत की, दाजी!" मेहुणा म्हणाला. तो खरोखरच खूश झाला होता.

बाओ मांडताना बायको गुणगुणत होती, आणि ती कधी गुणगुणते हे नवऱ्याला चांगलं माहीत होतं.

दुपारची रांग लागली. आजूबाजूच्या दुकानांतली, कारखान्यांतली माणसं. दोन बाओ आणि छोट्या करंडीतले डिमसमचे इवले घास एवढ्यात पोट भरायचं आणि खिशालाही चिमटा बसायचा नाही. समोरच्या दुकानातली शिंपीणबाई नेहमीसारखी पुढे आली. स्वतःच चिमटा घेऊन तिनं करंडीतला एक बाओ निवडला, फुंकर मारून चावा घेतला आणि थांबली.

मग तिनं घास कागदी रुमालात काढला.

"ताई, यात खिमा आहे."

"कसा असेल?" बायको म्हणाली.

"डावी मुरड बघूनच उचलला मी."

या गाडीवरचे बाओ एकाच करंडीत मांडलेले, वरून सगळे सारखेच पांढरे. आत काय आहे ते टोकाच्या मुरडीवरून ओळखायचं. खिम्याचे नवरा वळायचा. तो उजव्या हातानं काम करणारा, त्याची मुरड उजवीकडे फिरायची. कोबी-मश्रूमचे बायको वळायची. ती डावखुरी, तिची मुरड डावीकडे. ही खूण कोणी ठरवलेली नव्हती. गिऱ्हाइकांनीच ती पाहून पाहून शोधली होती. मेहुणाही उजव्या हाताचा असल्यामुळे मधल्या काळात काही अडलं नव्हतं. आणि आज सकाळपासून नवऱ्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती, बाओ फुटता कामा नये. डाव्या हातानं वळला की मुरडही डावीकडे जाणार, हे त्याच्या ध्यानीमनी आलं नाही. बायकोच्याही आलं नाही.

"जन्मात कधी तोंडाला लावलं नव्हतं," शिंपीणबाई म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

बायकोनं तिच्या हातात पाण्याचा पेला दिला. "माझीच चूक, बाई. सारणाच्या भांड्यांत गफलत झाली माझ्याकडून." तिनं हे इतक्या सहज सांगितलं, की कोणालाही खरं वाटावं. नवऱ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

गप्प राहिलं की भागत होतं. नवऱ्यानं आपल्या पुढ्यातल्या पोळपाटाकडे पाहिलं, मग शिंपीणबाईकडे.

"तिची नाही चूक," तो म्हणाला. "तो बाओ माझा आहे. माफ करा."

रांग चुळबुळली. मेहुण्यानं हळूच पोळपाटाला हात घातला. "दमलात तुम्ही दाजी. द्या इकडे, मी बघतो." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, म्हणून तर त्याच्यावर रागावताही येईना. नवऱ्यानं पोळपाट स्वतःच त्याच्याकडे सरकवला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

बायकोनं चिमटा खाली ठेवला. पोळपाट भावाच्या पुढ्यातून ओढून पुन्हा नवऱ्यासमोर ठेवला आणि रांगेकडे वळली.

"ऐका हो सगळे. या करंडीतले सगळेच्या सगळे खिम्याचे समजा. नको असेल त्यांनी घेऊ नका. आणि आजपासून डावी मुरड खिम्याची."

"मग भाजीची?" मागून कोणीतरी विचारलं.

"उजवी."

"अगं ताई," मेहुणा खालच्या आवाजात म्हणाला, "भाजीचे तर तू वळतेस. तुझा हात डावा."

"दुसरा आहे की मला."

ती नवऱ्याशेजारच्या स्टुलावर बसली. पारी डाव्या तळव्यावर घेतली, सारण भरलं आणि उजव्या हातानं चुण्या घालायला लागली. आयुष्य या कामात गेलेली बाई, पण चुण्या एकमेकींवर चढल्या, कोबी एका बाजूनं बाहेर डोकावला आणि मुरडीच्या जागी नुसतीच गाठ बसली. मेहुण्याला हसू आवरेना. तिलाही आवरेना.

नवरा हसला नाही. तो गाठीकडे बारकाईनं बघत होता.

"अंगठा हलवतेस तू," तो म्हणाला. "उजव्यानं वळताना अंगठा आत रोवून ठेवायचा. फिरतात ती बोटं."

"असा?"

"असा नव्हे." त्यानं डावा हात पुढे केला आणि तिचा उजवा अंगठा पारीच्या मधोमध दाबून धरला. "हं. आता फिरव. घाई नको. हा मोड, दुसरा घे."

तिनं तो मोडला आणि दुसरी पारी घेतली.

शिंपीणबाई अजून गेली नव्हती. पेला रिकामा करून तिनं तो फळीवर ठेवला आणि दोघांकडे पाहत राहिली.

"भाजीचा झाला की द्या मला एक," ती म्हणाली. "थांबते मी."

"वेळ लागेल, बाई," नवरा मान वर न करता म्हणाला. "हिचा हात अजून बसायचाय."