निळी झाक

"ताई, मॉनिटरचे रंग बरोबर आहेत." कंपनीच्या माणसाने कॅलिब्रेशनचं यंत्र पडद्यावरून काढलं.

"नाहीत! वॉरंटी आहे, बदलूनच द्या." मी ओजसच्या बारशाचा फोटो उघडला. "बघा, ओठ निळे दिसतात. नखंसुद्धा."

त्याने पाळण्यावरच्या मोगऱ्याच्या माळेवर बोट ठेवलं. "मोगरा पांढराशुभ्र दिसतोय ना? निळसर फक्त बाळच आहे."

"आजोबांवर गेलाय, सावळा," म्हणत सासूबाई ओजसला रोज डाळीचं पीठ लावायच्या. मीच त्यात दूध कालवून द्यायचे. हृदयात दोष आहे हे डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्याचे तीनच दिवस उरले होते.

"आता कसं आहे बाळ?" त्याने विचारलं.

मी फोटो बंद केला. त्याने पुढे केलेल्या कागदावर लिहिलं होतं, ‘मॉनिटरमध्ये दोष नाही.’

मी सही केली.