डावा कान

उचकी लागली ती नेमकी "म्हणून खरं तेच टिकतं" या वाक्यावर. उत्क्रांती शिकवणारे प्राध्यापक थांबले, आवंढा गिळला आणि वाक्य पुन्हा सुरू केलं. पुन्हा उचकी.

टेबलापलीकडे संस्थेच्या अध्यक्षबाई आणि हिशेबनीस बसले होते. 'विचारांची उत्क्रांती' हा प्राध्यापकांचा लाडका अभ्यासक्रम ठेवायचा की बंद करायचा, हे दोघं आज ठरवणार होते. बंद झाला तर प्राध्यापकांच्या वाट्याला फक्त पहिल्या वर्षाची बेडकं उरणार होती. त्यांचा सिद्धान्त सोपा होता. शरीरातले बदल मुंगीच्या पावलांनी पिढ्यान्‌पिढ्या पसरतात, विचार मात्र एका तोंडातून दुसऱ्या तोंडात उडी मारतात. पण चाळणी दोन्हीकडे असते आणि विचारांच्या चाळणीतून खोटं गळून जातं. असं काहीतरी मानल्याशिवाय मास्तर लोकांना पगार पचत नाही, ही गोष्ट वेगळी.

"कोणीतरी आठवण काढतंय," हिशेबनीस म्हणाले.

"ही उचकी... पाण्यातल्या पूर्वजांची... देणगी असावी," प्राध्यापकांनी संधी साधली. "काही शास्त्रज्ञ तसं... मानतात. कोट्यवधी वर्षं झाली, तरी जात नाही."

"जाते की." अध्यक्षबाईंनी स्वतः उठून पाण्याचा ग्लास पुढे केला. "डावा कान धरा, खिडकीकडे बघा आणि पाणी प्या."

"आमच्याकडे डोळे मिटून बघतात," हिशेबनीस म्हणाले.

प्राध्यापक गारच पडले. हा उपाय त्यांचाच होता. वसतिगृहात, ऐन परीक्षेत, रूम पार्टनरची उचकी थांबेना आणि यांचा अभ्यास होईना, तेव्हा त्यांनी ही थाप मारली होती. त्याचं तोंड पलीकडे व्हावं म्हणून खिडकी, आणि उपाय खरा वाटावा म्हणून कान. पार्टनर पुढे डॉक्टर झाला, तेव्हाच धोका ओळखायला हवा होता. प्राध्यापकांचे शोधनिबंध त्यांच्या सख्ख्या बायकोनेही वाचले नव्हते, आणि थाप मात्र घरोघरी सुखाने नांदत होती. त्यांना स्वतःचंच हसू आलं. मग वाईट वाटलं, कारण सिद्धान्त चांगलाच तोंडावर आपटला होता.

बाई बघत होत्या. प्राध्यापक निमूटपणे कान धरून पाणी प्यायले. उचकी थांबली.

गप्प बसले असते तर निभावलं असतं. पण गप्प बसणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

"मॅडम, हा उपाय खोटा आहे. मीच बनवलाय, कॉलेजात असताना."

बाईंनी चष्मा काढला. "सर, आमच्या घरात तो आजीच्या वेळेपासून आहे. आणि मग आत्ता उचकी थांबली कशी?"

प्राध्यापकांनी अजून धरलेला कान सोडला.

"खोटा असता तर इतकी वर्षं, इतक्या घरांत टिकला असता का? तुमचाच मुद्दा ना हा? मला तर आत्ता कुठे पटला." बाईंनी कागद ओढून सही केली. "अभ्यासक्रम मंजूर. फक्त मुलांना शिकवताना आमच्या आजीचं श्रेय लाटू नका, एवढं बघा."