मैदानावरची आजी

समोरच्या संघाने प्रेस लावला, म्हणजे आमच्याच अर्ध्या मैदानात येऊन घेरायला सुरुवात केली, की आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाची दाणादाण उडायची. आम्ही चेंडू पुढे नेण्याआधीच दोघी धावून यायच्या, चेंडू पुढे नेणाऱ्या आमच्या चिमणीला, म्हणजे संघातल्या सगळ्यात छोट्या मुलीला, कोपऱ्यात कोंडायच्या आणि ती गडबडून चेंडू थेट त्यांच्याच हातात द्यायची. शेवटी आमच्या प्रशिक्षक मॅडमनी तिला बाजूला घेतलं.

"घरी आई-बाबा दोन्हीकडून घेरतात, तेव्हा काय करतेस गं?"

"आजीला हाक मारते. मग ती मधल्या खोलीतून ओरडते, 'सोडा तिला, माझ्याकडे येऊ दे!'"

"मग इथेही आजी शोध की! मधे कुणीतरी मोकळं असतंच."

त्या दिवसापासून मैदानाच्या मधोमध उभ्या राहणाऱ्या आमच्या शिडीचं, म्हणजे सगळ्यात उंच मुलीचं, नाव आजी पडलं. चिमणीने "आजी!" ओरडायचं आणि शिडीने हात वर करायचे, एवढंच ठरलं.

पुढचा सामना हरलो असतो तर स्पर्धेतून बाहेरच. चिमणीच्या घरचे सगळे पहिल्यांदाच बघायला आले होते. शेवटी शेवटी दोघी तिच्यावर अशा तुटून पडल्या, की ती आम्हाला दिसेनाशीच झाली. फक्त जिवाच्या आकांताने मारलेली हाक आली, "आजीऽऽ!"

शिडीने हात वर केले. चेंडू अलगद तिच्या हातात येऊन पडला. आणि प्रेक्षकांतून, लोकांचे गुडघे बाजूला सारत, चष्मा सावरत एक म्हातारी तरातरा मैदानात उतरली.

"सोडा गं तिला, माझ्याकडे येऊ दे!"