निघताना शून्य

अंबिकाच्या वर्षश्राद्धाला फ्लाइंग क्लबनं मला ग्लायडरच्या पुढच्या सीटवर बसवलं. माझी बायको ग्लायडर घेऊन जिथं आदळली, त्या खुलताबादच्या डोंगरावर हवेतून फुलं टाकायची होती. मागच्या सीटवरून क्लबचे प्रशिक्षक इंद्रजीतसर म्हणाले, “दाजी, समोरच्या अल्टिमीटरचा काटा शून्यावर आणा.” अंबिकानंही निघताना उंचीचा काटा शून्यावरच लावला होता, म्हणजे तो धावपट्टीपासूनची उंची दाखवणार. पण डोंगर धावपट्टीहून आठशे फूट उंच आहे. काट्यावर नऊशे बघून ती तिथं निवांत वळली, तेव्हा खाली शंभरच फूट उरले होते. “सर, समुद्रापासूनची उंची लावू. नकाशात डोंगरांची उंची तशीच असते.” “आज वाद नको. निघताना शून्य, हा आपल्या क्लबचा रिवाज. ताईंनीच खाली बघायला पाहिजे होतं.” किळस येऊन मी अल्टिमीटरवरचा हात मागं घेतला आणि पट्टे सोडून उतरलो. “दाजी, मग ताईंची फुलं?” “धावपट्टीच्या कडंला शेळ्या चरतायत ना, त्यांना घाला.”