कोरडा साचा

भद्रावतीजवळच्या त्या लहानशा कारखान्यात आज नव्या साच्यात पहिल्यांदाच भट्टीतला रस ओतायचा होता, आणि पूजेशिवाय ओतायचा म्हणजे इस्तारीभाऊंच्या हिशेबी अधर्मच. वीस वर्षं भट्टी सांभाळलेला माणूस! घटकाभर आधी त्यांनी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि नारळाचं पाणी साच्यावर मनोभावे शिंपडलं.

साचा म्हणजे लोखंडी गोळ्यांनी भरलेलं खोल ताट. भट्टीत दोन जातींची पांढरी भुकटी वितळून रस झाला होता. हा रस थंड गोळ्यांच्या फटींत शिरला की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच गोठतो, दाणा बारीक पडतो, आणि पोलाद घासणारा चिवट दगड तयार होतो. हळू गोठला तर दाणा मोठा, दगड ठिसूळ. इंजिनिअर आचलनं या एका ओतण्यासाठी आठ महिने जिवाचं रान केलं होतं. माल पसंत करणारे पाहुणे समोर बसले होते. ते पुन्हा यायचे नव्हते.

भट्टी कलली. ती कलवायचा दांडा इस्तारीभाऊंच्या हातात, साच्याशी त्यांचा मदतनीस जंगू. तेवढ्यात रसाच्या उजेडात खालचे गोळे चकाकले. ओले! पाण्यावर रस पडला तर बारच उडणार.

"थांबा!" भाऊंनी दांडा मागं खेचला.

आचल धावत आली. "काय झालं, भाऊ?"

"साचा ओला हाय, म्याडम. नारळाचं पानी. मीच शिपडलं."

"गॅसनं वाळवू या?"

"वाळंल, पन गोळे तापतीन. मंग रस हळू गोठंल."

आचलनं पाहुण्यांकडे पाहिलं. "रस भट्टीतच गोठायच्या आत कोरड्या रेतीत ओता, भाऊ."

आठ महिन्यांची मेहनत रेतीत गेली. पाहुणे चहा न घेताच निघाले. भाऊंना मान वर करवेना. लाज वाटत होती, आणि थोडा रागही. ते जंगूजवळ जाऊन बसले.

"तू त साच्यापासून हातभरावर उभा होता, बापा. तुले दिसलं नाई?"

जंगू हातमोजे काढत राहिला.

"दिसलं होतं न, भाऊ. पन पूजा तुमची होती. कसं बोलू?"