चुकलेले प्रश्न

अभ्यासिकेच्या जिन्यात रेवतीनं चालू घडामोडींचं मासिक उघडलं. "राज्यातलं पहिलं मधाचं गाव?"

"भिलार," मी म्हणालो.

"ते पुस्तकांचं. मघापासून चुकतोयस."

मुद्दामच चुकत होतो. चुकलेले प्रश्न उद्या पुन्हा विचारायचे, हा आमचा नियम. पण तिच्या बापानं राज्यसेवेच्या परीक्षेआधीच तिचं लग्न ठरवलं होतं. आज तो तिला न्यायला येणार होता.

तिला कळलंच. "मला सगळं येतंय, तरी परीक्षेला बसू देत नाहीत. तुला कोणी अडवलंय का रे? येत असून चुकतोस?"

खालून बापाची हाक आली. मासिक माझ्या हातात कोंबून ती तिथेच उभी राहिली.

"मधाचं गाव मांघर," मी म्हणालो.

"बरोबर," ती म्हणाली आणि जिना उतरली.