भरलेला हॉल

लेकीच्या सोळाव्या वाढदिवसाला आईने क्लबचा अख्खा हॉल घेतला होता. गेल्या वर्षीची पार्टी त्या महागड्या शाळेत महिनाभर गाजली होती. यंदा तिच्यावर कडी करायची होती. भिंतीवर लेकीचं नाव दिव्यांनी लखलखत होतं, डीजे जोरात होता आणि हॉलमध्ये पाहुणी म्हणून एकच मुलगी अंग चोरून बसली होती. तीच, जिचा रडतानाचा व्हिडिओ अख्ख्या वर्गाने एकमेकांना पाठवून खिदळून घेतलं होतं. "तिच्यापासून चार हात लांब राहा, नाहीतर तुलाही वाळीत टाकतील," असं आईनेच लेकीला बजावलं होतं.

"काय गं, पाहुणे वाट चुकले की तूच तारीख चुकलीस?" थोरल्या जाऊबाईंनी हसत विचारलं.

आईचा चेहरा उतरला. तिने लेकीला कोपऱ्यात ओढलं. "बाकीच्या कुठेत?"

"त्या म्हणाल्या, तिला बोलावलंस तर आमच्यातली एकही येणार नाही. मी म्हटलं, नका येऊ."

"अगं, मला सांगायचंस तरी."

"तू घाबरली असतीस, आई."

एवढं बोलून लेक गेली आणि त्या मुलीचा हात धरून तिला नाचायला घेऊन आली. मुलगी आधी लाजली, मग खळखळून हसली.

आई बघतच राहिली. मग पदर सारखा करून, मान ताठ ठेवून ती जाऊबाईंकडे वळली.

"केक आणायला सांगा, ताई. सगळे आलेत."